साठ की आठ

पहिली वीस मिनिटं अ‍ॅम्प अगदी शहाण्यासारखा वागायचा. गिटारची तार छेडली की गोल, उबदार सूर. जरा जोरात छेडली की त्या सुराला कडेने खरखरीत झालर लागायची. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमागे लोक वेडे होतात ते या झालरीसाठीच. मग विसाव्या-बाविसाव्या मिनिटाला काहीतरी बिनसायचं. हळू वाजवलं तरी आवाज फाटायचा, आणि जाड तारा चिखलात पाय रुतल्यासारख्या वाजायच्या. बंद करून तासभर थांबलं की पुन्हा वीस मिनिटं सगळं ठीक.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे ही लक्षणं मला ओळखीची वाटली. सर्व्हर रीस्टार्ट केला की बरा, थोड्या वेळाने पुन्हा आजारी. आमच्याकडे अशा वेळी पहिला संशय मेमरी लीकवर जातो. इथेही शेवटी लीकच निघाला. पण ते कळेपर्यंत माझे साडेचार हजार रुपये गेले होते, आणि मामांबद्दल मी आईजवळ एक वाक्य बोलून बसलो होतो.

अ‍ॅम्प मामांनीच बनवलेला. १९७८ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवर ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, रेझिस्टर वेचायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने नाशिकला परत. असं चार-पाच खेपांत सामान जमलं. चासी पत्र्याचं काम करणाऱ्याकडून वाकवून घेतला. व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. त्यातले शेवटचे दोन, म्हणजे स्पीकरला खरा जोर देणारे, ईएल ८४ जातीचे. या डब्यावर मामांनी धंदा सुरू केला. गणपती, लग्नं, कीर्तनं, गावोगावचे हरिनाम सप्ताह. पुढे ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प आले, हलके आणि जास्त ताकदीचे, आणि हा माळ्यावर गेला. १९९१ आणि २००३ च्या सिंहस्थात मामांनी गोदाकाठी कर्णे लावले ते ट्रान्झिस्टरवर. चुकामूक झालेल्यांची नावं पुकारणाऱ्यांच्या शेजारी ते दिवसदिवस बसलेले असत, हे मी आईकडून इतक्यांदा ऐकलंय की आपणच पाहिलंय असं वाटतं.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत तो माळ्यावरून खाली आला. ईएल ८४ हे नाव वाचून मी उडालोच. बीटल्स ज्या व्हॉक्सच्या अ‍ॅम्पवर वाजवत, त्यातल्या एसी ३० मध्ये याच जातीचे चार व्हॉल्व्ह असतात. मामांच्या डब्यात दोन. म्हणजे पंचवटीतल्या माळ्यावर अर्धा एसी ३० धूळ खात पडला होता, आणि मी ऑनलाइन अ‍ॅम्पच्या किमती बघून सुस्कारे टाकत होतो.

मामांनी तो दिला, पण अटींवर. पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर बदलायचे, कारण ते सुकलेले असणार. पहिल्यांदा चालू करताना मेनमध्ये शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि ट्रान्सफॉर्मर वाचेल. स्पीकर जोडल्याशिवाय कधीही वाजवायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि डावा हात खिशात. ही शेवटची अट त्यांनी तीनदा सांगितली. आत तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. दोन्ही हात आत असले तर झटका एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि वाटेत छाती लागते. त्यामुळे उघडल्यावर आधी रेझिस्टर लावून कपॅसिटर रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची, मगच हात घालायचा. प्रॉडक्शनमध्ये चूक केली तर आमचा फार तर रविवार जातो. इथला हिशेब वेगळा होता.

बाकीचे छोटे कपॅसिटर, मेण लावलेले, कागदी, मी बदलू का म्हणून विचारलं तर मामा म्हणाले, "ते राहू दे. मी एकेक तपासून घातलेत ते." मी राहू दिले.

आता थोडं आतलं. दोन व्हॉल्व्ह जोडीने कसे काम करतात ते मला पुस्तकातून नीट समजलं नव्हतं, इंजिनिअरिंगला तर आम्ही हा धडा ऑप्शनला टाकला होता. समजलं ते मामींमुळे. त्यांच्याकडे अजून जातं आहे. दोघी समोरासमोर बसतात, खुंटा एकच. एकीने ओढलं की दुसरी सोडते, दुसरीने ओढलं की पहिली. दोघींचा जोर सारखा असला तर दगड गोल फिरतो आणि पीठ एकसारखं पडतं. पुश-पुल म्हणजे हेच. आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक व्हॉल्व्ह ओढतो, खालचा दुसरा, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही मिळून अख्खी लाट तयार होते. दोन्ही व्हॉल्व्हमधून स्वस्थ बसल्यावेळीही सारखाच करंट वाहत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात दोघांचं चुंबकत्व एकमेकांना छेद देतं. एकाने जास्त ओढायला सुरुवात केली की गाभा एका बाजूला तुंबतो, आणि पहिला मार जाड सुरांना बसतो.

गंमत म्हणजे गिटारवाल्यांना आवाज फाटलेलाच हवा असतो. १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने 'यू रिअली गॉट मी'साठी स्पीकरचा कागद चक्क ब्लेडने चिरला होता. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मी चेष्टा करतोय अशा नजरेने पाहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर कीर्तनकाराचा शब्दन् शब्द मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवायची धडपड केली, त्याला स्पीकर चिरणं म्हणजे पाप. पण हव्या असलेल्या फाटण्यात आणि माझ्या अ‍ॅम्पच्या फाटण्यात फरक होता. हवं ते फाटणं हाताच्या जोराला उत्तर देतं, हळू वाजवलं की निघून जातं. माझं जात नव्हतं.

मग मी मोजमाप घेतलं. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन्ही अर्ध्या भागांचा रोध बंद असताना मोजला, दोन्हीकडे १२० ओहम. अ‍ॅम्प उलटा ठेवून चालू केला, वीस मिनिटं वाट पाहिली आणि प्रत्येक भागावर किती व्होल्ट पडतात ते पाहिलं. एकीकडे २.४, दुसरीकडे ७.२. भागाकार केला: एका व्हॉल्व्हमध्ये २० मिलिअँप, दुसऱ्यात ६०. मामांना फोन लावला. त्यांच्याकडे अजून लँडलाइन आहे, मोबाइल नावाला.

"मामा, डावा वीस, उजवा साठ."

"उजवा किती?"

"साठ."

"मग तो मेला. बदलून टाक."

ईएल ८४ आता नवे मिळतात ते स्लोव्हाकियात, रशियात नाहीतर चीनमध्ये बनलेले. मी स्लोव्हाकियाची जुळवून दिलेली जोडी मागवली, कस्टमसकट साडेचार हजार. दहा दिवसांनी आली. बसवली, आणि त्या रात्री हौस म्हणून खोलीतले दिवे घालवून, जाळीचं झाकण काढून अ‍ॅम्प समोर ठेवला. व्हॉल्व्हच्या आत तापलेली बारीक नारिंगी रेघ असते, ती बघण्यात सुख आहे. वीस मिनिटांनी उजव्या व्हॉल्व्हमध्ये आणखी एक लाली दिसायला लागली. ही रेघेची नव्हती. आतला राखाडी पत्रा, म्हणजे अ‍ॅनोड, मधोमध चुलीतल्या उलथन्यासारखा लाल होत होता. मी स्विच बंद केला. नवाकोरा व्हॉल्व्ह, त्याच जागी, तेच दुखणं.

या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडला बारा वॅटपर्यंतची उष्णता सोसते. ६० मिलिअँप आणि जवळजवळ तीनशे व्होल्ट म्हणजे सतराच्या वर जाते. हा गुणाकार मला फोन करण्याआधीच करता आला असता. पण मामांनी सांगितलं होतं ना, मेला म्हणून.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, झाला का रे दुरुस्त? मी म्हणालो, "मामांना आता यातलं काही कळत नाही. जुनं झालं सगळं."

रविवारी होळकर पुलावरून अ‍ॅम्प रिक्षाने पंचवटीला नेला. मामांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा चढवला, पेन्सिल घेतली. त्यांचे हात आता थोडे थरथरतात, म्हणून प्रोब मी धरायचे आणि आकडे त्यांनी लिहायचे असं ठरलं. अ‍ॅम्प तापेपर्यंत चहा झाला. वीस मिनिटांनी मी मोजलं.

"डावा वीस. उजवा साठ."

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: २०, ८.

मी म्हणालो, "साठ, मामा."

"तेच तर. आठ."

मी त्यांच्या हातातून पेन्सिल घेतली आणि त्या ८ च्या शेजारी ६० लिहिलं. ते बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिले. अ‍ॅम्पची बारीक गुणगुण चालू होती.

"फोनवर पण साठच म्हणाला होतास?"

"हो."

"साठ असेल तर व्हॉल्व्हचा दोष नसतो रे." हे ते लगेच म्हणाले, श्वास घ्यायलाही न थांबता. "आठ असेल तर व्हॉल्व्ह दमला. साठ असेल तर त्याला कोणीतरी मागून ढोसतंय. ग्रिड बघ. पिन दोन."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. पोचला नव्हता तो एक 'स'.

हे मी नंतर वाचून काढलं. 'स'चा जोर चार हजार हर्ट्झ आणि त्याच्याही वर असतो. जुन्या पद्धतीचा टेलिफोन साधारण तीनशे ते चौतीसशे हर्ट्झ एवढाच आवाज पोचवतो, म्हणजे 'स' तिथे आधीच अर्धमेला होऊन येतो. आणि मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचे कान सगळ्यात आधी जातात ते याच चार हजारांच्या आसपास. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या पुढे आवाज असला की धोका सुरू होतो असं मानतात. कर्ण्याच्या तोंडाशी त्याच्या कितीतरी पुढे असतो. कानातल्या ज्या पेशी मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. माणसाला बहिरेपण आलंय असं वाटतही नाही, कारण खालचे आवाज छान ऐकू येत असतात. लोक पुटपुटायला लागलेत, एवढंच वाटतं.

त्या दिवशी मात्र आम्ही ग्रिडकडे वळलो. पिन दोनवर शून्य असायला हवं होतं. निघाले सहा व्होल्ट, अधिक.

"आता व्हॉल्व्ह काढ आणि पुन्हा मोज."

मला वाटतं, डीबगिंगमध्ये मी पाहिलेली ही सगळ्यात देखणी चाचणी आहे. ग्रिडवर नको असलेला धन व्होल्टेज दोन ठिकाणांहून येऊ शकतो: व्हॉल्व्हच खराब असेल तर त्याच्या आतून, किंवा अलीकडच्या टप्प्यातून. व्हॉल्व्ह उपटला आणि व्होल्टेज नाहीसा झाला तर व्हॉल्व्ह गुन्हेगार. राहिला तर व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष. आम्ही अ‍ॅम्प बंद केला, फडक्याने धरून व्हॉल्व्ह काढला, पुन्हा चालू केला. पिन दोनवर सहा व्होल्ट तसेच, उलट किंचित जास्त.

अलीकडच्या टप्प्यात दोनशे व्होल्ट असतात. ते आणि ग्रिड यांच्यामध्ये उभा असतो एक छोटा कपॅसिटर. त्याचं काम दरवानाचं: आवाजाची लाट आत सोडायची, डीसी व्होल्टेज बाहेर अडवायचा. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहमचा. त्यावर सहा व्होल्ट पडतात म्हणजे मामांनी वर्तमानपत्रावर भागाकार करून दाखवलं तसा दरवानाचा रोध जेमतेम पंधरा मेगोहम उरला होता. चांगल्या कपॅसिटरचा हजारो असतो. थंड असताना तो कसाबसा धरून राहायचा. शेजारच्या व्हॉल्व्हची ऊब लागली की ढिला पडायचा. म्हणून वीस मिनिटं. आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या कॅथोडला रेझिस्टर सामाईक होता, त्यामुळे उजवा जितका जास्त ओढेल तितका डावा आपोआप आखडायचा. डावा वीसवर का बसला होता त्याचं उत्तर तिथे होतं.

"माझाच आहे तो," मामा म्हणाले. त्या मेणाच्या कपॅसिटरबद्दल. "तू बदलतो म्हणाला होतास."

मी काही बोललो नाही.

झाकण टेबलावर उलटं पडलं होतं. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलचं जुनं, पुसट लिखाण मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. १९७८ ची तारीख आणि खाली यादी. पिन ७, पिन ९. पिन ३, साडेदहा. पिन २, शून्य. म्हणजे उत्तर पहिल्या दिवसापासून झाकणात लिहिलेलं होतं. माझ्या फोनमध्ये त्याचा फोटोसुद्धा होता, छान दिसतं म्हणून काढलेला. रीडमी न वाचता प्रश्न विचारणाऱ्यांना आमच्या ऑफिसात जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवा कपॅसिटर प्लास्टिकचा, ६३० व्होल्टचा. मामांच्या डब्यात होता. विकत घेतला तर चहा-वडापावच्या पैशांत येतो. एक बदलायचा तर दुसऱ्या बाजूचाही बदलला. मी सोल्डर मारत असताना ते मागे उभे होते.

"ताईचा फोन आला होता परवा," ते म्हणाले.

माझा हात थांबला. "काय म्हणाली?"

"काही नाही. गरम आहे तोवर लाव, थंड जोड राहील."

मामी आतून आल्या, टेबलावरचा पसारा पाहिला आणि सवयीने मला म्हणाल्या, जरा मोठ्याने बोलत जा रे यांच्याशी. वॉशिंग मशीन ओरडून ओरडून थकतं, हे शेजारी बसून पेपर वाचत असतात. मामांनी हात झटकला. "त्या मशीनचा आवाजच बारीक आहे."

अ‍ॅम्प पुन्हा चालू केला. पिन दोन: शून्य. वीस मिनिटं थांबलो, तरी शून्य. दोन्ही व्हॉल्व्ह पस्तीसच्या आसपास, मिलिअँपभराच्या फरकाने. मी गिटार वाजवली. सूर गोल आला आणि गोलच राहिला, जोर लावला की झालर, सोडला की गेली. मामा मान डोलवत होते.

मग मी एक चाचणी लावली. वाईट हेतू नव्हता. दुरुस्तीनंतर सगळ्या पट्टीत आवाज सारखा येतो का ते पाहायचं असतं. लॅपटॉपवरून शुद्ध सूर सोडायचा, एकेका कंपनसंख्येचा. चारशे. "ठीक." हजार. "ठीक." दोन हजार. "हं." तीन हजार. ते थोडे पुढे वाकले. "कमी आला."

मी चार हजारांवर गेलो. खोलीत टाचणीसारखा सूर भरला, मामी कानावर हात ठेवून आत गेल्या.

मामा म्हणाले, "बंद का केलंस?"

मी पटकन आवाज खाली आणला, जणू खरंच बंद करत होतो. पण हात लबाडीत वाकबगार नाहीत माझे. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे, जिथून मामी कानावरचा हात काढत होत्या.

"चालू होता?"

"हो."

"किती होता?"

"चार हजार."

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता चिडतील किंवा उठून जातील. ते म्हणाले, "खाली ये हळूहळू. मी हात वर करतो, तिथे थांब." दोनदा आम्ही ते केलं. एकदा डावा कान, एकदा उजवा, कापसाचा बोळा घालून. लॅपटॉपवरची ही चाचणी काही खरी श्रवणचाचणी नव्हे, ती डॉक्टरकडेच व्हायला हवी, हे मी दोनदा म्हणालो. ते म्हणाले, माहीत आहे, तू फक्त आकडे सांग. मग बिंदू जोडून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला रेघ काढली. अडीच हजारांपर्यंत आडवी, पुढे घसरगुंडी.

"अ‍ॅम्पचा असा ग्राफ आला असता," ते म्हणाले, "तर मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं, बाबा, याचा कुठला तरी कपॅसिटर गेलाय."

मी आईजवळ जे बोललो होतो त्याबद्दल माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. "मामा, सॉरी, मी..." ते म्हणाले, "काय?" मी मोठ्याने पुन्हा म्हणालो. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं की नाही, देव जाणे. "बरं बरं," म्हणाले, "ते राहू दे," आणि ग्राफचा तुकडा फाडून शर्टाच्या खिशात ठेवला. मामींनी मंगळवारची वेळ घेऊन टाकली, त्यांना विचारलंही नाही.

झाकण लावायच्या आधी त्यांनी ते आपल्याकडे ओढलं. १९७८ च्या यादीखाली आजची तारीख घातली. पिन २, शून्य. अक्षर थरथरलेलं होतं, पण आकडे वाचता येत होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दोन्ही बाजूंचे बदलले ना?"

"दोन्ही," मी मोठ्याने म्हणालो.

त्यांनी तेही लिहिलं.